इलाइट चौराहा : मोठी माणसे कोणाला म्हणायचे?

(रेल्वे व टपाल शाखांच्या पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘झाशीचा इलाइट चौराहा’ असा छापला आहे. तो वाचून काहींनी मला विचारले, की सेक्रेटरीसाहेब, महागाई भत्ता, पेन्शन, कंत्राटीकरण हे सगळे सोडून हे चौकाचे काय काढले? प्रश्न रास्त आहे. पण अभ्यासवर्ग फक्त मागण्यांचा नसतो. आपण कोण, कुठून आलो आणि आपल्या आधी कोणी काय सोसले, हेही कधीतरी पाहावे लागते. मी मॅट्रिक झालेला माणूस. इतिहासाचा प्राध्यापक नाही. तेव्हा कामगाराच्या नजरेला जे दिसते तेच सांगणार आहे.

मुंबईहून झाशी सुमारे अकराशे किलोमीटर. पंजाब मेल १९१२ पासून या वाटेने धावते आहे. भुसावळ, इटारसी, भोपाळ करत ती झाशीला येते. स्टेशनाबाहेर पडून शहराकडे निघाले की वाटेत हा चौराहा लागतो. चौराहा म्हणजे आपला चौक. रिक्षा, टेम्पो, दुकाने, फळांच्या गाड्या आणि सतत गर्दी. मोर्चा असो, निदर्शने असोत, विजयाची मिरवणूक असो, झाशीचा माणूस इलाइटवरच जमतो. चौकाला नाव मिळाले ते इलाइट नावाच्या सिनेमा थिएटरवरून.

आता हा ‘इलाइट’ शब्द इंग्रजी. त्याचा अर्थ निवडक, वरच्या थरातली, मोठी माणसे. आणि त्या नावाखाली दिवसभर उभी कोण? रिक्षावाला, हमाल, ड्यूटीवरून परतणारा खलाशी, टपालाची पिशवी घेतलेला पोस्टमन! तेव्हा माझा आजचा प्रश्न एवढाच आहे : एखाद्या गावची मोठी माणसे म्हणजे नक्की कोण? त्यांची नावे कोण लिहून ठेवतो आणि कोणाची राहून जातात?

चौराहा वयाने लहान आहे, पण गाव जुने आहे. झाशीचा किल्ला ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ साली बांधला. १७२९ साली बंगशाने बुंदेलखंडात छत्रसाल महाराजांना कोंडीत पकडले, तेव्हा बाजीराव पेशवे त्यांच्या मदतीला धावले. छत्रसालांनी पुढे आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांना दिला आणि मराठी माणसाची बुंदेलखंडात ये-जा सुरू झाली.

पेशव्यांचे सुभेदार म्हणून तिकडे गेले नारोशंकर. नाशिकच्या मंडळींना हे नाव सांगायला नको. गोदावरीच्या काठावर त्यांनी बांधलेले देऊळ आहे आणि नारोशंकराची घंटा आपल्या सगळ्यांच्या कानावर आहे. ज्या माणसाचे देऊळ पंचवटीत, त्यानेच झाशीचा किल्ला वाढवला आणि किल्ल्याभोवती वस्ती बसवली. त्यानंतर काही वर्षांनी सुभेदारी आली नेवाळकरांकडे. मूळचे कोकणातले, रत्नागिरीकडचे घराणे. खानदेशात पारोळ्याला त्यांची जहागीर होती. तिथून ते झाशीला गेले.

बंधूंनो, इतिहासाच्या पुस्तकात याला पराक्रम म्हणतात आणि तो होताच. पण त्या सुभेदारामागे कारकून गेले, आचारी गेले, शिलेदार, भिक्षुक, सुतार, पाणके गेले. ते पोटासाठी गेले. आपल्या भाषेत सांगायचे तर ती त्यांची बदली होती, फक्त परतीचा पास नव्हता. आजही झाशीत मराठी घरे आहेत. तिथल्या गणेश मंदिरात १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचे लग्न झाले, असे झाशीकर अभिमानाने सांगतात.

यापुढचा भाग आपल्या दोन्ही खात्यांशी थेट जोडलेला आहे, म्हणून थोडा थांबून सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला झाशीचे राजे गंगाधरराव वारले. गव्हर्नर जनरल होता लॉर्ड डलहौसी. रेल्वेचे जाळे देशभर कसे टाकायचे याचा आराखडा त्याने १८५३ मध्येच लिहिला. १८५४ मध्ये त्याने टपालाचा कायदा केला आणि सबंध देशासाठी अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. पत्र पाव तोळ्याचे असले की अंतर किती का असेना, दर एकच. तारायंत्रही त्याच्याच काळात पसरले. आणि त्याच १८५४ मध्ये दत्तक वारस नामंजूर करून याच डलहौसीने झाशी खालसा केली. राणीला महिना पाच हजारांची पेन्शन ठरवून दिली.

म्हणजे आपली रेल्वे, आपले टपाल आणि झाशीचा घात, तिन्ही एकाच टेबलावरून निघाले. गाडी आणि पत्र लोकांच्या सोयीसाठी आहेत, हे आपण आज म्हणतो आणि ते खरे करून दाखवतो. पण ज्याने ती आणली त्याला फौजा हलवायच्या होत्या, कापूस बंदरावर न्यायचा होता. यंत्र कोणाचे, यापेक्षा ते कोण कोणासाठी चालवतो याला महत्त्व आहे. युनियनच्या माणसाने हे विसरू नये.

१८५७-५८ ची हकीगत तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. मी तारखा तेवढ्या सांगतो. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात घुसली. दुसऱ्या रात्री राणी किल्ल्यातून निसटल्या आणि जून महिन्यात ग्वाल्हेरजवळ लढता लढता पडल्या. शहरात त्या दिवसांत कत्तल आणि लूट झाली. राणीचे वडील मोरोपंत तांबे यांना इंग्रजांनी फाशी दिले.

राणीचे नाव सगळ्या जगाला माहीत झाले. पण त्या किल्ल्यात एक मजार आहे. तिथे तोफखान्याचा गुलाम गौस खान आहे, खुदाबक्ष आहे, मोतीबाई आहे. त्याच झाशीतली झलकारीबाई कोरी समाजातली, म्हणजे विणकराच्या घरातली बाई. तिचे नाव कित्येक वर्षे बुंदेलखंडातल्या लोकांच्या तोंडीच राहिले. झाशीचे वकील आणि हिंदीतले मोठे कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांनी १९४६ साली राणीवर कादंबरी लिहिली, तिच्यात झलकारी आली. आणि २००१ साली आपल्या टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. राणीचे तिकीट १९५७ सालीच निघाले होते. राणीनंतर झलकारीचा नंबर लागायला चव्वेचाळीस वर्षे गेली. टपालातल्या बंधूंनो, तुमच्या हातून जाणाऱ्या एवढ्याशा कागदावरसुद्धा मोठे कोण याचा निवाडा होत असतो.

त्या वेढ्यात अडकलेल्या आणखी एका माणसाचे नाव घेतो. विष्णुभट गोडसे. रायगड जिल्ह्यातल्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज होते. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा चांगली मिळेल, या आशेने चुलत्यांबरोबर पायी निघाले आणि बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात तोफगोळे, आग, लूट, पाण्याचे हाल हे सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटल्या. दक्षिणा मिळवायला गेलेला माणूस लुटला जाऊन घरी आला. पण पंचवीस वर्षांनी त्याने सगळे लिहून काढले. चिंतामणराव वैद्यांनी ते ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली छापले. त्या युद्धाची इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेली पुस्तके पुष्कळ आहेत. आपल्या बाजूच्या साध्या माणसाने लिहिलेली फार थोडी, त्यातले हे एक. एका कर्जबाजारी भिक्षुकाने लिहिले म्हणून आज आपल्याला कळते. हा धडा लक्षात ठेवा, शेवटी मी त्याच्याकडे येणार आहे.

आता चौराह्याकडे वळू. १८६१ साली इंग्रजांनी झाशी शहर ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिले. पण आपली छावणी, कचेऱ्या आणि साहेबांचे बंगले तटाबाहेर स्वतःकडे ठेवले. त्या नव्या वस्तीला झाशी नवाबाद म्हणत. त्या भागाचे पोलीस ठाणे आजही नवाबाद नावानेच ओळखले जाते. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत देऊन त्याच्या बदल्यात इंग्रजांनी झाशी शहर घेतले. पंचवीस वर्षे तटाच्या आत एक झाशी आणि बाहेर दुसरी झाशी.

नेमक्या याच सुमारास लोहमार्ग आला. इंडियन मिडलँड रेल्वे ही कंपनी १८८५ साली निघाली आणि १८८९ पर्यंत झाशी मोठे जंक्शन झाले. एक मार्ग इटारसीकडे, एक ग्वाल्हेर-आग्ऱ्याकडे, एक कानपूरकडे, एक माणिकपूरकडे. १८९५ मध्ये वर्कशॉप उभे राहिले. थोड्याच वर्षांत ही कंपनी आपल्या जी.आय.पी. रेल्वेच्या कारभाराखाली आली. स्टेशन तटापासून लांब, पश्चिमेला. मग तटाच्या आतले जुने गाव आणि बाहेरची नवी रेल्वे वसाहत यांच्या मधल्या जागेला महत्त्व आले. तिथेच सिव्हिल लाइन्स, दुकाने, पुढे सिनेमा आणि आजचा इलाइट चौराहा. राणीच्या झाशीचा मध्य किल्ला होता. रेल्वेच्या झाशीचा मध्य हा रस्ता झाला. तेव्हा या चौकाला घडवले कोणी, असे कोणी विचारले तर रेल्वेने घडवले असे बेधडक सांगा.

जी.आय.पी. चे मुख्य कार्यालय मुंबईत. पगाराचा, बदलीचा, बढतीचा हुकूम बोरीबंदरहून निघायचा. १९५१ साली मध्य रेल्वे झाली तेव्हाही झाशी आपल्यातच राहिली. मुंबई, भुसावळ, नागपूर, सोलापूर, जबलपूर, भोपाळ, झाशी असा तो संसार होता. १ एप्रिल २००३ रोजी झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला. २०२१ च्या डिसेंबरात स्टेशनला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. स्टेशनवर राणीचे नाव आले ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या स्टेशनाखाली ज्यांनी खडी भरली त्यांचे नाव कुठे आहे, एवढेच मी विचारतो.

आता झाशीची आणखी काही माणसे. त्यांची आडनावे ऐका. धुळेकर, मलकापूरकर. स्टेशनांच्या पाट्या वाचल्यासारखे वाटते.

सदाशिवराव मलकापूरकर, विश्वनाथ वैशंपायन आणि भगवानदास माहौर हे चंद्रशेखर आझादांचे झाशीकडचे साथीदार. पहिले दोघे मराठी, तिसरा बुंदेलखंडी. १९२५ च्या काकोरी कटानंतर पोलीस मागे लागले, तेव्हा आझाद झाशी-ओरछाच्या परिसरात वेषांतर करून राहिले. मास्टर रुद्रनारायण यांच्या घराचा त्यांना आसरा होता. झाशीतल्या एका मोटार कंपनीत त्यांनी गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला शिकून घेतले. म्हणजे ज्याच्या शोधात सरकारचे पोलीस फिरत होते, तो तेलाने माखलेल्या हातांनी कामगारांत उभा होता.

सप्टेंबर १९२९ मध्ये मलकापूरकर आणि माहौर बॉम्बचे सामान घेऊन अकोल्याकडे निघाले आणि भुसावळ स्टेशनवर झडतीत पकडले गेले. भुसावळच्या बंधूंनो, तुमच्याच फलाटावरची ही गोष्ट आहे. खटला जळगावात चालला. फेब्रुवारी १९३० मध्ये माफीचे साक्षीदार तिथे आले असता माहौरांनी कोर्टाच्या आवारात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोघांनाही लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या.

आता तो महिना लक्षात घ्या. ४ फेब्रुवारी १९३० रोजी जी.आय.पी. रेल्वेचा मोठा संप सुरू झाला होता. त्या लढ्याच्या पुढाऱ्यांत नागपूरचे रुईकर होते. संप मोडला आणि पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. एकाच महिन्यात, एकाच रेल्वेच्या मार्गावर, एकीकडे जळगावच्या कोर्टात गोळी झाडली जाते आणि दुसरीकडे लोकोशेडमध्ये हत्यार खाली ठेवले जाते. माहौरांचे नाव पुस्तकात आले. ते योग्यच झाले. पण त्या संपात नोकरी गेलेला फिटर, पॉइंट्समन, गँगमन यांची नावे कोणी सांगेल का? घरी चूल कशी पेटली, पोरांचे शिक्षण कसे झाले, हे कोणी लिहिले का?

सदाशिवरावांची एक गोष्ट मला त्यांच्या तुरुंगवासापेक्षाही मोठी वाटते. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी आझाद गेले. त्यांची आई जगरानीदेवी भाबऱ्याला हलाखीत दिवस काढत होती. स्वातंत्र्यानंतर सदाशिवरावांनी तिला झाशीला आपल्या घरी आणले. आईसारखे सांभाळले, तीर्थयात्रा घडवली. मार्च १९५१ मध्ये ती झाशीतच वारली. अंत्यसंस्कार सदाशिवरावांनी केले. लढ्यात पडलेल्या साथीदाराच्या माणसांना वाऱ्यावर सोडायचे नाही, हे त्यांनी करून दाखवले. युनियन युनियन म्हणतो ती याहून वेगळी काय असते?

रघुनाथ विनायक धुळेकर हे झाशीचे वकील, स्वातंत्र्यसैनिक, घटना समितीचे सभासद, १९५२ साली लोकसभेवर निवडून आलेले आणि पुढे उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती. घटना समितीत १० डिसेंबर १९४६ रोजी ते हिंदुस्थानीतून बोलायला उभे राहिले आणि ज्याला ही भाषा येत नाही त्याला इथे जागा नाही, अशा अर्थाचे बोलले. मोठा गोंधळ झाला. घरात मराठी बोलणाऱ्या माणसाने हिंदीचा असा आग्रह धरावा, यावरून ते झाशीशी किती एकरूप झाले होते ते दिसते. तो आग्रह मात्र मला पटत नाही. आपण बदलीवर जातो तिथली भाषा शिकतो, कारण शेजाऱ्याशी बोलायचे असते. सक्ती केली की शेजार तुटतो. आपल्या गँगमध्ये पाच भाषांची माणसे एक रूळ उचलतात, हे आपण जाणतो.

मेजर ध्यानचंद यांचे घरही झाशीचेच. लष्करातल्या साध्या शिपायाने हॉकीत जग जिंकले. १९३३ साली झाशी हीरोज या गावच्या क्लबने कलकत्त्याला जाऊन बाइटन कप जिंकला, तेव्हा ते त्या संघात होते. १९७९ साली ते गेले, त्यांचे अंत्यसंस्कार झाशी हीरोजच्या मैदानावरच झाले.

बंधू-भगिनींनो, ही यादी वाढवता येईल. पण पाहा, एवढ्या यादीत रेल्वे आणि टपाल कामगाराचे एकही नाव मी घेऊ शकलो नाही. ज्या शहराचा कणा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ रेल्वे आहे, तिथे ही स्थिती. याचा दोष झाशीला देऊ नका. भुसावळ, मनमाड, दौंड, कल्याण, वर्धा, कुठेही जा, चौकाला पुढाऱ्याचे नाव, नाहीतर थिएटरचे नाव. कामगारांची वस्ती मात्र ‘तिकडची क्वार्टरं’.

आणि आता वेळ थोडा उरला आहे, म्हणून हे बोलतो आहे. जुलै १९४६ च्या टपाल संपातली माणसे आता जवळजवळ उरली नाहीत. जुलै १९६० च्या आणि १९ सप्टेंबर १९६८ च्या संपातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. ८ मे १९७४ ला सुरू झालेल्या रेल्वे संपात जो मुलगा विशीत होता, तो आज सत्तरी ओलांडून बसला आहे. तो संप वीस दिवस चालला. क्वार्टरमधून बायका-मुलांना बाहेर काढले, हजारो माणसे तुरुंगात गेली, कित्येकांच्या सर्व्हिसमध्ये खंड पडला. मी तेव्हा लहान होतो. वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले तेवढेच मला माहीत आहे. माझ्यामागून आलेल्यांना तेवढेही माहीत नाही. जुनी क्वार्टर्स पडत आहेत, आर.एम.एस. ची जुनी ऑफिसे बंद होत आहेत. कपाट आवरताना पावती-बुके आणि जुनी मस्टर्स रद्दीत जातात. इमारत पाडली तर दुसरी बांधता येते. माणूस गेला की त्याची हकीगत गेली.

म्हणून प्रत्येक शाखेला माझी विनंती आहे. तीनच कामे सांगतो.

पहिले काम : आपल्या शाखेच्या हद्दीतल्या निवृत्त सभासदांची यादी करा आणि वयाने सर्वांत ज्येष्ठ अशा दहा जणांच्या घरी जा. भरतीचे वर्ष, पहिला पगार, कुठे कुठे बदली झाली, कोणत्या संपात होते, काय सोसले, हे वहीत लिहून घ्या. मोबाइलवर आवाज भरून घेतला तर उत्तमच.

दुसरे काम : त्या घरातल्या बाईला वेगळे विचारा. संपात पगार बंद असताना दुकानदाराने उधार दिले का, दागिना मोडला का, पोलीस दारात आले तेव्हा काय झाले, हे तिलाच ठाऊक असते. युनियनच्या इतिवृत्तात तिचे नाव कधी आले नाही.

तिसरे काम : नोकरीवरून काढल्याची पत्रे, सभेच्या नोटिसा, फोटो, जुनी कार्डे, जे सापडेल त्याची प्रत काढा आणि मूळ कागद ज्याचा त्याला परत करा. प्रती शाखेच्या कपाटात क्रमांक घालून ठेवा. ज्याला मजकूर नीट लिहिता येत नसेल त्याने तसाच पाठवावा, शुद्धलेखन आपण इथे पाहू.

वरसईच्या विष्णुभटांनी पंचवीस वर्षांनी का होईना, लिहिले. त्यांच्याकडे ना फौज होती ना पैसा. आपल्याकडे शाखा आहेत, वर्गणी आहे, हे मासिक आहे. आपण न लिहिण्याला सबब नाही.

तुमच्यापैकी कोणी कामानिमित्त किंवा पासावर झाशीला गेलात तर किल्ला जरूर पाहा, राणीमहाल पाहा. मग संध्याकाळी वर्कशॉपची पाळी सुटते त्या सुमाराला इलाइट चौराह्यावर पाच मिनिटे उभे राहा. सायकली, मोटारसायकली, चालत जाणारी माणसे पाहा. झाशीची मोठी माणसे कोण, हे पुन्हा एकदा मनाशी ठरवा, आणि परत आल्यावर आपल्या शाखेची वही उघडून पहिले नाव लिहा.



कामगार एकजुटीचा विजय असो!